पहिली रात फुकट

हिंगोलीत मी ज्या सायबर कॅफेत बसायचो, तिथं आधी शिलाई मशीनच्या दुरुस्तीचं दुकान होतं. मशिनी कोपऱ्यात सरकवून मालकानं तीन कॉम्प्युटर मांडले होते. दोन कॉम्प्युटरांवर बारावीची पोरं गेम खेळायची. तिसऱ्यावर दुपारच्या वेळी, वीज असली तर, मी परदेशातल्या शाळांना नोकरीचे अर्ज पाठवायचो. नोकरी इंग्रजी शिकवण्याची.

दोन हजार साल उलटून गेलं होतं. परभणीतून वेगळ्या निघालेल्या आमच्या जिल्ह्याला फार वर्षं झाली नव्हती. नवा जिल्हा म्हणून आमच्या दैनिकानं हिंगोलीत एका खोलीचं कार्यालय उघडलं आणि मला तिथं पाठवलं. त्याआधी मी नांदेडच्या डेस्कवर होतो. वृत्तसंस्थेकडून इंग्रजी बातम्या यायच्या, त्यांचं मराठी करायचं, हे माझं काम. इंग्रजीत एम. ए. झालेला दुसरा कोणी डेस्कवर नव्हता. त्या सगळ्या वर्षांत मी रोज इंग्रजी वाचत होतो आणि एक वाक्यही बोलत नव्हतो. बोलायला माणूस नव्हता. त्याच्याही आधी एका ज्युनियर कॉलेजात तासिकांवर शिकवलं, पण तिथं इंग्रजीचा तास मराठीतच चालायचा. मी इंग्रजीत बोलायला लागलो की मागच्या बाकावरून कोणीतरी हटकून म्हणायचं, "सर, काहून तकलीफ घेऊन राहिले? मराठीत सांगा की."

परदेशात कशाला जायचं, असं कोणी विचारलं तर मी पगाराचं कारण द्यायचो. ते लोकांना लगेच पटायचं. खरं कारण सांगण्यासारखं नव्हतं. एक भाषा मला येत होती आणि ती येते की नाही हे मलाच ठाऊक नव्हतं. जिथं ती बोलल्याशिवाय दिवस जाणार नाही अशा ठिकाणी मला जायचं होतं.

जाहिरातींची भाषा मला लवकर पाठ झाली. बहुतेक जाहिरातींत पाच-सहा देशांची नावं असायची आणि त्यांपैकी एखाद्या देशाचा पासपोर्ट हवा असायचा. काही ठिकाणी इंग्रजी ही मातृभाषा हवी असं लिहिलेलं असायचं. जिथं यांपैकी काही नसायचं तिथं फोटो मागितलेला असायचा. मी फोटो जोडायचो. उत्तर यायचं नाही.

कॅफेचा मालक माझ्याच वयाचा होता. मला तो सर म्हणायचा, पण बोलायचा बरोबरीनं. फोटो स्कॅन करून देण्याचं काम त्याचंच.

"सर, हा फोटो नका पाठवू."

"का?"

"जवाब येऊन नाही राहिला ना याच्यावर. यात तुम्ही पोलीस ठाण्यातून आल्यावानी दिसता."

"पत्रकार आहे मी. तिथूनच येतो."

"तेच तर म्हणतो. थोडं हसा. दुसरा काढू."

दुसरा काढला. त्यातही मी हसलो नव्हतो असं त्याचं मत पडलं. तो फोटोही गेला आणि त्यावरही उत्तर आलं नाही.

आखाती देशातल्या एका शाळेसाठी मुंबईत मुलाखती होत्या, तिथंही जाऊन आलो. हॉटेलच्या जिन्यापर्यंत रांग होती. रांगेत बहुतेक जण केरळचे, बी. एड. झालेले, कित्येक जोडीनं आलेले. शाळेला नवरा-बायको दोघेही शिक्षक असतील तर बरं होतं, राहायला एकच घर द्यावं लागतं. मी एकटा होतो आणि बी. एड. नव्हतो. टेबलापलीकडच्या माणसानं माझे कागद उलटून पाहिले आणि वर्तमानपत्रातल्या लोकांना शाळेत यावंसं का वाटतं, असं इंग्रजीत विचारलं. मी उत्तराची जुळवाजुळव करेपर्यंत त्यानं पुढच्याला बोलावलं होतं. परतीच्या गाडीत ते उत्तर मी पूर्ण केलं. चांगलं झालं होतं.

आमचं गाव कळमनुरी तालुक्यात. घरी थोडी जमीन आणि मेंढरं. जमीन माय बघायची, मेंढरं वडील. शनिवारी संध्याकाळी मी हिंगोलीहून गावी जायचो आणि रविवारचा दिवस वडिलांबरोबर माळावर काढायचो. मेंढरांमागं फिरताना मी इंग्रजी बोलायचो. मुलाखतीत विचारतील असे प्रश्न मीच विचारायचो आणि मीच उत्तरं द्यायचो. एकदा वडील पलीकडच्या उतारावर असतील अशा समजुतीनं मी मोठ्यानं बोलत होतो. ते मागंच उभे होते.

"काय सांगून राहिला त्यांना?"

"इंग्रजी बोलून राहिलो."

"समजून राहिलं का त्यांना?"

"न्हाई."

"मग बराबर हाय," वडील म्हणाले. "आमचं मराठी बी न्हाई समजत त्यांना."

दिवाळी झाली की वडील मेंढरं घेऊन पैनगंगेपलीकडं जायचे. आमच्याकडं त्याला परमुलूख म्हणतात. बसनं गेलं तर तो मुलूख दोन-अडीच तासांवर आहे. पावसाळ्याच्या तोंडाशी ते परत यायचे. पलीकडच्या शेतकऱ्यांच्या मोकळ्या रानात रात्री मेंढरं बसवायची, त्यांच्या लेंड्यांचं आणि मुताचं खत शेताला मिळतं, त्याबद्दल शेतकरी ज्वारी देतो. हा व्यवहार फार जुना. नदी उतरताना मात्र दोन माणसं लागायची. मेंढरं पाण्यात पाय घालायला तयार नसतात. एकानं पुढचा मेंढा धरून ओढायचा आणि दुसऱ्यानं मागून हाकायचं. चुलता होता तोवर तो असायचा. तो गेल्यावर मी दरवर्षी त्या दिवसांत सुट्टी काढायला लागलो.

शेत कसं मिळवायचं याची आमच्या घरची एक रीत होती. सगळ्या मेंढपाळांची ती तशीच होती की नाही ते मला सांगता येणार नाही. नव्या शेतकऱ्याच्या शेतात पहिली रात फुकट बसवायची. सकाळी वाघर, म्हणजे मेंढरांभोवती लावलेलं जाळं, तसंच ठेवायचं आणि बांधावर गावाकडं पाठ करून बसायचं. शेतकरी ज्वारी घेऊन बांधावर आला, तर शेत मिळालं. उन्हं तापेपर्यंत आला नाही, तर वाघर गुंडाळायची आणि पुढच्या गावाची वाट धरायची. त्याच्या दारात जायचं नाही. वाटेत भेटला तरी विषय काढायचा नाही.

शाळेत असताना एका सुट्टीत मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. एका शेतात आम्ही असेच बसून होतो. गाव समोर दिसत होतं, त्या शेतकऱ्याचं घरसुद्धा दिसत होतं. मी म्हणालो, "दादा, जाऊन विचारा की त्याला."

"इचारायचं न्हाई."

"काहून?"

"रात आपण दिली. आता बोलायचं त्यानं." वडिलांनी मान वळवली नाही. "आपण इचारलं की आपण मागणारे झालो."

त्या दिवशी शेतकरी आला नाही. आम्ही वाघर गुंडाळली.

अर्ज पाठवायला लागल्यापासूनच्या तिसऱ्या पावसाळ्याच्या शेवटी मला एका शाळेचं उत्तर आलं. शाळा थायलंडमध्ये, बँकॉकपासून दीडेक तासावरच्या गावात. पत्र तीन ओळींचं होतं. नोव्हेंबरमध्ये दुसरं सत्र सुरू होतं, एक जागा आहे. या देशात येणार असाल तर एक आठवडा वर्ग घेऊन दाखवा, त्याचा मोबदला मिळणार नाही. मग पाहू. कॅफेच्या मालकानं ते पत्र स्वतः वाचलं आणि गेम खेळणाऱ्या पोरांना उठवून दाखवलं. मग मला म्हणाला, "मी म्हटलं होतं ना, फोटो बदला म्हणून."

घरी सांगितलं तेव्हा माय भाकरी थापत होती. वडील जेवत होते. तिथं शिकवायला माणसं नाहीत का, असं मायनं विचारलं. आहेत, पण इंग्रजीची कमी आहेत, असं मी सांगितलं. तिनं पुढं विचारलं नाही. वडिलांना मी आठवड्याची अट सांगितली.

"आठ दिवस फुकट शिकवायचं. मग ते ठरवणार."

"पहिली रात फुकट, म्हण की."

"तसंच."

वडिलांनी तांब्यातलं पाणी पिऊन ताटात हात धुतले. "मग लोकं चांगले दिसतात," ते म्हणाले. ज्या देशाचं नाव त्यांना नीट घेता येत नव्हतं, त्याची त्यांना यापेक्षा जास्त चौकशी करायची गरज वाटली नाही. मलाही ते ऐकून बरं वाटलं होतं हे नमूद करायला हवं. पाच-सहा देशांच्या पासपोर्टची भाषा मला कधी समजली नव्हती. ही भाषा मला समजत होती.

कार्यालयात बिनपगारी रजा टाकली. प्रवासी व्हिसा मुंबईत मिळाला. मी निघालो त्याच आठवड्यात वडिलांना नदी उतरायची होती. त्यांनी भावकीतला एक माणूस सोबत घेतला. मेंढरं पाण्यात उतरली की नाही, हे मला पुढं कित्येक आठवडे कळलं नाही.

शाळेच्या गावात मी एका नूडल्सच्या दुकानावरची खोली भाड्यानं घेतली. दुकानाच्या मालकिणीला इंग्रजी येत नव्हतं. खालच्या रस्त्यावर, बसच्या थांब्यावर, बाजारात कोणालाच येत नव्हतं. किंमत विचारली की लोक कॅल्क्युलेटरवर आकडा दाखवायचे आणि हसायचे. इंग्रजी बोलायला मिळावं म्हणून मी तिथवर गेलो होतो. पहिले दोन दिवस मी कोणाशीही, कोणत्याही भाषेत बोललो नाही.

शाळा मोठी होती. दोन इमारती, मध्ये मैदान. एकीत वर्ग आणि शिक्षकांची खोली, दुसरीत कार्यालय. सकाळी मुलं मैदानात रांगा करून झेंड्यासमोर उभी राहायची. मला उपमुख्याध्यापिकेनं वर्ग दाखवला. पन्नाशीच्या, हळू आवाजात बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांचं इंग्रजी मोजकं होतं, त्यामुळे त्या बोलण्याऐवजी हात जोडून मान झुकवायच्या. वर्ग चाळीसेक मुलांचा. मुलांना मी काळा आहे याचं थोडा वेळ नवल वाटलं, मग वाटेनासं झालं. ती पाठोपाठ वाक्यं म्हणत होती. मी एकटा माळावर बोलायचो ती वाक्यं चाळीस तोंडांतून परत येत होती.

शिक्षकांच्या खोलीत माझ्या शेजारी फिलिपिन्सची एक शिक्षिका बसायची. ती तिथं सहा वर्षं होती. पहिल्याच दुपारी तिनं मला आपल्या डब्यातला भात दिला आणि विचारलं, मी आधी काय करत होतो. मी सांगितलं.

"तरीच," ती म्हणाली. "तू बोलतोस तेव्हा वाटतं कुठंतरी माणसं मेली आहेत."

मी तिला विचारलं, म्हणजे काय.

"बातम्या देतोस तू. 'मुलांची उपस्थिती आज समाधानकारक होती.' असं कोण बोलतं जेवताना?"

त्या आठवड्यात रोज दुपारी मी तिच्याशी बोललो. घरची मेंढरं, तिच्या गावचं वादळ, तिथल्या नवऱ्याजवळ ठेवलेली तिची दोन लेकरं. तिचा पासपोर्टही चुकीच्या देशाचा होता, पण तिनं तग धरला होता. वर्गात दाखवायची चित्रांची कार्डं तिनं स्वतः रंगवली होती, ती तिनं मला वापरायला दिली. बोलताना माझं एखादं वाक्य अडलं तर ती थांबायची. आयुष्यात इंग्रजीत मी ज्या माणसाशी बोललो असं म्हणता येईल, ते माणूस हे एकच. आठवडाभराचं.

शुक्रवारी शेवटचा तास संपला. उपमुख्याध्यापिका वर्गाच्या दारात आल्या, "थँक यू, टीचर," म्हणाल्या, हात जोडले आणि मैदान ओलांडून कार्यालयात गेल्या. मुलं गेली. शिक्षक एकेक करून गेले. फिलिपिन्सच्या बाईला बँकॉकची बस पकडायची होती. जाताना तिनं "सोमवारी भेटू" म्हटलं. मी शिक्षकांच्या खोलीत बसून राहिलो. तिथल्या खिडकीतून समोर कार्यालय दिसत होतं. त्याचा दिवा चालू होता. आपण तिकडं पाहतोय असं कोणाला वाटू नये म्हणून मी खुर्ची फिरवून घेतली आणि खिडकीकडं पाठ केली.

झाडणाऱ्या बाया आल्या तोवर मी बसलो होतो. कोणी आलं नाही.

शनिवार-रविवार मी खोली सोडली नाही. माझा पत्ता शाळेकडे होता. खाली दुकानात नवं माणूस आलं की मी जिन्यापर्यंत जाऊन बघायचो. सुट्टीच्या दिवशी कोणी येणार नाही हे मला समजत होतं, तरी जायचो. सोमवारी झेंड्याची वेळ होऊन गेली. मग आणखी तासभर थांबलो. उन्हं तापली. मी बॅग भरली, मालकिणीला किल्ली दिली आणि बँकॉकची बस धरली.

चित्रांची कार्डं चुकून माझ्या बॅगेत राहिली होती. त्याच आठवड्याच्या शेवटी ती परत द्यायला मी शाळेत गेलो. फिलिपिन्सची शिक्षिका मला फाटकाशीच भेटली.

"सोमवारी का आला नाहीस?"

"मला कोणी बोलावलं नाही."

"बोलावलं नाही?" ती म्हणाली. "बोलावणार कशाला? आठवडा तू भरलास. शुक्रवारी ऑफिसात जायचं आणि सांगायचं, मला राहायचं आहे. एवढंच. इथं सगळे तसंच करतात. मी तसंच केलं."

"ते मला कोणी सांगितलं नाही."

"हे काय सांगायचं असतं? ज्याला नोकरी हवी तो विचारतो." मग तिनं आवाज खाली आणला. "उपमुख्याध्यापिका थांबल्या होत्या तुझ्यासाठी. अंधार पडेपर्यंत. तुला शाळा आवडली नसेल, आणि तोंडावर विचारलं तर तुला अवघड होईल, असं म्हणत होत्या. सोमवारीही वाट पाहिली. मग मंगळवारी एक जण दारावर आला."

जागा भरली होती. वरच्या मजल्यावरून मुलांचा आवाज येत होता, एका माणसामागं सगळ्यांचा. मी कार्डं तिच्या हातात दिली. तिनं ती मोजल्यासारखी हातात उलटसुलट केली. दुसरीकडे प्रयत्न कर, असं ती म्हणाली. मी करतो म्हणालो. तिच्या तासाची घंटा झाली.

व्हिसाचे दिवस शिल्लक होते ते मी शाळांच्या दारांवर घालवले. आता मी विचारत होतो. बँकॉकच्या आत, बाहेर, बस जाईल तिथवर. कार्यालयात जायचं, हात जोडायचे, मला शिकवायचं आहे असं सांगायचं. सत्र सुरू झालं होतं, जागा नव्हत्या. एके ठिकाणी कारकुनानं माझा पासपोर्ट उघडून पाहिला, नम्रपणे मिटला आणि दोन्ही हातांनी परत दिला. कोणी वाईट बोललं नाही. रोज मी तेच पाच-सहा वाक्यांचं इंग्रजी बोलत होतो, आणि ती वाक्यं शेवटी शेवटी मला इतकी पाठ झाली की ती म्हणताना मी दुसराच काहीतरी विचार करत असायचो. त्या दिवसांत माझ्याशी कोणी गप्पा मारल्याचं आठवत नाही.

संक्रांतीच्या सुमाराला परत आलो. गावी एक रात्र राहिलो. मायनं जेवायला वाढलं, अंगानं उतरलास म्हणाली. दुसऱ्या दिवशी बसनं पैनगंगेपलीकडं गेलो. फाट्याफाट्यावरच्या चहाच्या टपऱ्यांवर, मेंढरं कुणीकडं गेली, असं विचारत दुपारनंतर वडिलांना गाठलं. ते वाटेवर होते. मी दिसल्यावर त्यांनी काठी या हातातून त्या हातात घेतली.

"आला का?"

"व्हय."

"मागं हो. कोकरं मागं राहून राहिली."

नोकरीचं त्यांनी विचारलं नाही. संध्याकाळी भावकीतला माणूस, आता तुमचं पोरगं आलं म्हणून, आपल्या गावाला निघून गेला. आम्ही एका नव्या शेतात वाघर लावली. तूर निघालेलं मोकळं रान होतं. शेतकरी संध्याकाळी बांधावरून जाताना वडिलांशी चार शब्द बोलला होता, बसवा म्हणाला होता. ही पहिली रात होती.

सकाळी वडील बांधावर गावाकडं पाठ करून बसले. मी शेजारी बसलो. कुत्रं वाघरीजवळ पडलं होतं. उन्हं वर आली. वडिलांनी तंबाखू मळली, खाल्ली, थुंकली. गावाकडून कोणी येत नव्हतं. हे सगळं मला पाठ होतं, तरी त्या दिवशी मला बसवेना.

"दादा, मी गावातून येतो."

"काहून?"

"असंच."

शेतकऱ्याचं घर गावाच्या कडेला होतं. तो अंगणात बैलाच्या पायाला काहीतरी लावत बसला होता. मी म्हणालो, "पाटील, मेंढरं ठेवू का अजून?"

"ठेवा की," तो वर न बघता म्हणाला. "चार राती बसवा. मीच येणार होतो, हे बैलाचं निघालं. ज्वारी संध्याकाळी आणून देतो."

एवढंच. दोन वाक्यांचं काम होतं. परत येताना मी भराभर चाललो. मला आठवतं, मी खुशीत होतो. बांधावर पोचलो तेव्हा वडिलांनी प्रथमच मान वळवली.

"कुठं गेला होता?"

"त्याच्याकडं. चार राती बसवा म्हणून राहिला. येणारच होता, बैल आजारी हाय म्हणे."

"तू इचारलं?"

"व्हय."

वडील उठले. वाघरीच्या पहिल्या खुंटाशी गेले आणि तो उपटला. मग दुसरा. मला वाटलं, ते जाळं सरकवून मेंढरं दुसऱ्या कोपऱ्यात बसवणार आहेत. तिसऱ्या खुंटाला त्यांनी जाळं गुंडाळायला घेतलं.

"दादा, तो राहा म्हणून राहिला."

"तुला म्हणून राहिला," वडील म्हणाले. "मला न्हाई."

मी दुसऱ्या बाजूनं खुंट उपटायला लागलो. वाघर दोघांनी गुंडाळल्याशिवाय नीट होत नाही. ती सामान वाहणाऱ्या आमच्या घोड्यावर टाकली. मेंढरं वाटेला लागली. शेतकरी संध्याकाळी ज्वारी घेऊन त्या रानात आला असेल, आणि मोकळं रान पाहून त्याला काय वाटलं असेल, हे मला सांगता येणार नाही. दिवसभर वडील पुढं होते आणि मी मागं. मध्ये सगळी मेंढरं. त्या अंतरातून बोलायचं तर ओरडावं लागतं, आणि ओरडण्यासारखं काही नव्हतं.

रजा संपल्यावर मी पुन्हा हिंगोलीच्या कार्यालयात रुजू झालो. अर्ज पाठवणं एकदम थांबलं नाही, हळूहळू थांबलं. कॅफेचा मालक एकदा भेटला तेव्हा त्यानं तिथली माणसं कशी आहेत असं विचारलं. चांगली आहेत, असं मी सांगितलं. ते खरं होतं.

पाटलाच्या रानातून वाघर उचलली त्या संध्याकाळी आम्ही एका ओढ्याकाठी उतरलो. ते कोणाचंच शेत नव्हतं. तीन दगड मांडून वडिलांनी भाकरी केल्या. जेवता जेवता त्यांनी मला त्या देशाबद्दल एकच गोष्ट विचारली. आधी नाही, नंतरही नाही.

"तिकडं मेंढरं असतात का?"

"मला दिसली न्हाईत."

"मग शेताला काय घालतात?"

"माहीत न्हाई," मी म्हणालो. "इचारलं न्हाई."

वडिलांनी भाकरीचा तुकडा मोडून कुत्र्याकडं टाकला आणि वाघर बघायला उठले.